चंद्राबाईनं घासलेला शाफ्ट

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच शेजारच्या अंगणात जुंपली. एकीकडं आबाजी, दुसरीकडं त्याचा ऋतिक. मी गोदा, मधे नुसता कुड हाय आमच्या, तवा कान लावायची गरजच नाय पडत.

"बाबा, तो जीपचा सांगाडा परवा भंगारवाला नेणार. मी बोललोय त्याला."

"सांगाडा तुझा बाप!" आबाजी खेकसला. मंग काय बोलून बसलो ते ध्यानात आलं, तशी जीभ चावली.

ती जीप ऋतिकपेक्षा वयानं मोठी. आबाजीनं तिच्यातनं भात वाहिलं, आजारी माणसं खालापूरला नेली. माझी पोर बाळंतपणाला गेली ती बी तिच्यातच. पन आता गियर टाकला की खाली खटाक, सोडला की खटाक. त्यात आबाजीची बायको चंद्राबाई पोराच्या बाजूची. ती अंगण सारवी आन् जीप त्यावर ऑइल गाळी, मंग तिनं तरी किती सोसायचं?

शेवटी ठरलं. दसऱ्याला जीप चंद्राबाईला घेऊन टेकडीवरच्या देवीपोतर गेली, तर ऋतिक भंगारवाल्याला नको म्हणून सांगणार. नाय गेली, तर आबाजीनं तोंड उघडायचं नाय. आबाजीचा चेहरा असा उतरला की मलाच गलबलून आलं.

त्यानं लोधिवलीच्या झाकीर मेस्त्रीला बोलावलं. झाकीर जीपखाली शिरला आन् तिथनंच बोलला, "आबाजी, क्रॉस गेलाय."

"म्हंजी रं काय?" मी कुडावरनं इचारलं.

"गोदाताई, इंजिनाचा जोर मागच्या चाकांला नेतो तो हा लोखंडी दांडा, शाफ्ट. क्रॉस म्हंजी त्याच्या टोकाचा सांधा. आबाजीचा गुडघा आन् ह्यो, दोगं बरोबरच झिजलेत."

त्यानं शाफ्ट खाली काढला, जुना क्रॉस ठोकून पाडला, नवा बसवला. शाफ्टाचे दोन भाग, एक दुसऱ्यात सरकणारा. आत ग्रीस भरायला ते सुटे करायच्या आधी झाकीरनं आबाजीची तंबाखूची डबी मागितली आन् दोन्ही भागांवर चुन्याचा एकेक ठिपका लावला. ग्रीस भरून होतंय तोच फोन वाजला. हायवेला कुणाचा तरी टेंपो बंद पडलेला.

"उद्या मला उशीर झाला तर तुमीच बसवा," तो बोलला. "हे ठिपके समोरासमोर आले पायजेत. नायतर गाडी थरथरेल, सांगून ठेवतो."

दसऱ्याला सकाळी चंद्राबाईनं कोयते, विळे, पहार, सगळी अवजारं घासायला घेतली. पडवीत शाफ्ट दिसला, तो बी घेतला. राख आन् काथ्या घेऊन असा घासला, असा घासला, की नवा दिसाय लागला. वर दोन्ही भागांवर हळदकुंकू.

आबाजी आला. "अगं, चुना कुटं गेला?"

"धुतला. सणाच्या दिवशी अवजाराला चुना कसला लावता? हळदकुंकू लावलंय."

"पन तितंच लावलंस ना?"

"तितंच हो!" चंद्राबाई पुरण वाटत होती, मान बी वर केली नाय तिनं.

झाकीर येईना, मुहूर्त टळाय लागला. आबाजीनं कुंकवासमोर कुंकू आणलं आन् नट आवळले.

चंद्राबाई पुढं बसली, मी नारळ घेऊन मागं. सपाटीवर जीप गुमान चालली. चढ लागला, आबाजीनं पाय दाबला, आन् अगं आई गं! जीप अशी थरथराय लागली की माझी कवळी हातात आली. चंद्राबाईचा अंबाडा सुटला, कुंकू कपाळभर झालं. "उद्याच्या उद्या इका ही गा... गा..." पुढचं काय तिला बोलवेना.

देवळापुढं ढोल चालला होता, ऋतिक आधीच येऊन वाट बघत हुबा होता. चंद्राबाई खाली उतरली ती केस मोकळे, दात वाजतायत, हातातलं पूजेचं ताट खळखळतंय. देवीच्या पोशा भगतानं पायलं आन् आरोळी ठोकली, "आई आली! सरा बाजूला!"

झालं. बाया पाया पडाय लागल्या. पोशानं हात जोडले, "बोल माये, काय पायजे तुला?"

"गा... गा... गाडी..."

"गाडीचं काय, माये?"

आबाजीनं मधेच उडी मारली, "गाडी ठेवा म्हनते!"

"ऐकलंस का रं ऋतिक?" पोशा गरजला. सारा गाव पोराकडं बघाय लागला. त्यानं गुपचूप हात जोडले, वर जीपच्या बॉनेटला बी हात लावून पाया पडला.

चंद्राबाईनं खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिची थोरली जाऊ पुढं आली. वर्साची वर्सं बोलत नव्हती ती बया, तिनं चंद्राबाईच्या पायावर डोकं ठेवून ओटी भरली. चंद्राबाईनं तोंड मिटलं.

दुपारी झाकीर आला, खाली वाकला आन् कपाळावर हात मारला. शाफ्ट सोडला, फिरवून बसवला. तवापासनं जीप कशी गुमान चालते. आबाजी तिला रोज पुसतो. ऋतिक भंगाराचं नाव काढत नाय.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाकीर ग्रीस भराय आला. चंद्राबाईनं न सांगता चहा आणला, इकडंतिकडं बघितलं आन् हळूच बोलली. मी कुडामागंच होते.

"झाकीर बाबा, मागल्या साली ह्यांनी बसवलंवतं ना, तसंच बसव रं उद्यापुरतं. टेकडीवरनं आले की सरळ कर."