बटणआत्याची कात्री

दुकानाच्या भिंतीवर काकांनी घराण्याचा वृक्ष रंगवून घेतला होता. बुंध्याशी कोटातले पणजोबा, वर फांद्याच फांद्या. काकांच्या कुत्र्याला तेवढी जागा मिळायची राहिली होती. पणजोबांच्या बहिणीला मात्र साधं पानसुद्धा नव्हतं.

तिला घरात बटणआत्या म्हणत. दुकानात तयार कपडे यायच्या आधी इथे कोट शिवले जात, तेव्हा ती मागच्या खोलीत बसून बटणं लावायची. तिच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं. कोट बेतायचे आणि कापायचे ते पणजोबा. त्यांच्या हाताला जादू होती म्हणे.

दुकानाच्या वर्धापनदिनासाठी लेकीला घेऊन माहेरी आलेल्या पुतणीने विचारलं, बटणआत्याची फांदी कुठे आहे? काका हसले. "अगं, लग्न नाही, पोर नाही. फांदी काढून तिच्यावर बसवू कुणाला?"

पुतणीला ते झोंबलं, पण लेक पेंगुळली होती. भांडायलाही मोकळा हात लागतो.

पोर निजल्यावर ती तिचं झबलं बेतायला बसली. घरातली कात्री नेहमीसारखी गायब होती. तशीही त्या कात्रीशी तिचं कधी जमलं नव्हतं. ती डावरी. शाळेत मारून मारून लिहिण्याचा हात बदलला होता, कापण्याचा बदलला नाही. कुठलीही कात्री धरली की अंगठा सोलवटायचा आणि कापड पात्यांत दुमडायचं.

तिने दुकानातल्या काचपेटीतली पणजोबांची कात्री काढली. ती कापत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कितीदा धार लावून आणली, धारवाला म्हणायचा धार उत्तम आहे, तरी नाहीच. दरवर्षी वर्धापनदिनाला काका तिने फीत कापायचा आव आणायचे आणि खिशातल्या चिमुकल्या कात्रीने काम उरकायचे. लोक टाळ्या वाजवायचे. कात्री म्हातारी झाली, पणजोबांशिवाय कुणाला वश होत नाही, असं काका कौतुकाने सांगायचे.

तिच्या डाव्या हातात ती अलगद बसली. अंगठ्याचं कडं अंगठ्याच्याच वळणाचं. कापड लोण्यासारखं सरकन दुभंगत गेलं. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या तरी कात्रीने तिचा हात ओळखला होता. तिचे डोळे भरून आले. मग तिने कात्री उलटवून पाहिली. पाती उलट बसवलेली होती. मुद्दाम घडवून घेतलेली, डाव्या हाताची कात्री.

आत जाऊन तिने आत्याला विचारलं, पणजोबा डावरे होते का? वडिलांची ही थोरली बहीण पणजोबांच्या मांडीवर वाढलेली. ती उठून बसलेल्या नातीला, पुतणीच्या लेकीला, भात भरवत होती आणि पोरीच्या डाव्या हातातला चमचा पुन्हा पुन्हा उजव्या हातात देत होती.

"आजोबा? डावरे?" आत्या म्हणाली. "काहीतरीच. मी डाव्या हाताने जेवायला लागले की ते मापाच्या फितीने माझा हात खुर्चीला बांधायचे. म्हणायचे, घरात एक आहे तेवढी पुरे."

बोलता बोलता ती थांबली. घरात ती एक कोण होती, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

पुतणीला मात्र आता कळलं, कात्री पणजोबांची नव्हतीच, त्यांच्या बहिणीची होती. आयुष्यभर तिच्या डाव्या हाताने कोट कापले, त्यावर दुकान उभं राहिलं, घर उभं राहिलं, आणि तोच हात नातीचा दिसला की बांधून ठेवायचा! वर तिला नाव काय, तर बटणआत्या.

ती तशीच बाहेर दुकानात गेली. काकांच्या हातात कात्री आणि चिंधी देऊन म्हणाली, कापा. चिंधी पात्यांत दुमडली. मग तिने डाव्या हातात कात्री घेतली आणि तीच चिंधी उभी चिरली. काका तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघू लागले. वापरत असेल बापडी कधीमधी, म्हणाले. शिवाय आता रंग वाळला.

"वाळलेल्या रंगावरही रंग चढतो, काका. पणजोबांच्या शेजारी, त्यांच्याइतकीच जाड फांदी काढा. तोवर कात्री माझ्याकडे."

"आणि उद्या फीत कशाने कापू?"

"दरवर्षी कापता तिनेच. खिशातल्या."

काकांनी मोठ्या बहिणीकडे पाहिलं, ती हिला दोन शब्द सुनावेल म्हणून. आत्या दारात उभी होती, कडेवर नात. पोरीच्या डाव्या हातात चमचा होता, भाताची शितं आत्याच्या खांद्यावर सांडत होती, आणि आत्या तो चमचा काढून घेत नव्हती.

"रंगाऱ्याला आजच बोलाव," ती भावाला म्हणाली. "नाहीतर उद्या त्या खिशातल्या कात्रीची गोष्ट पाहुण्यांना मी सांगेन."