तिसरी केबल

सासऱ्यांनी तिसरी केबल आणली तेव्हा जावयाने कपाळाला हात लावला. तो स्वतः वायरमन. भिंतींतून तारा ओढण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. आणि त्याच्याच सासऱ्यांनी अ‍ॅम्प्लिफायरपासून सॉकेटपर्यंतच्या दीड मीटरच्या तुकड्यावर असा जीव टाकावा, म्हणजे दिव्याखाली अंधारच! केबल मनगटाएवढी जाड, वर निळी जाळी. नुसती वाकवताना दोघांना घाम फुटला.

"बाबा, वीज कुठून कुठून साध्या तारेतून येते. शेवटच्या दीड मीटरमध्ये तिला काय साक्षात्कार होणार?"

"जावईबापू, तुम्ही तारा बघता. मी आवाज ऐकतो."

सासरे पस्तीस वर्षं स्पीकरच्या कारखान्यात तपासनीस होते. डोळे मिटून ऐकायचे आणि पास की नापास ते सांगायचे. यंत्राने पास केलेले स्पीकरही त्यांनी परत पाठवले होते, त्यामुळे त्यांच्या कानांपुढे घरात कुणी ब्र काढत नसे. अलीकडे मात्र घरातल्या गाण्यांचा आवाज 'मेलाय' अशी त्यांची तक्रार होती आणि त्याचं खापर ते केबलींवर फोडत होते.

शेवटी परीक्षा ठरली. सासरे खुर्चीत डोळे मिटून बसले. जावई आधीची जुनी आणि ही नवी अशा दोन केबली घेऊन कपाटामागे गेला. एकच गाणं सहा वेळा लावायचं, आणि कोणती केबल ते सासऱ्यांनी ओळखायचं.

"ही जुनी... आता नवी. अहाहा, बघा कसं मोकळं झालं! हं, परत जुनी. कोंदलं सगळं."

कपाटामागे जावई गालातल्या गालात हसत होता. पठ्ठ्याने केबल बदललीच नव्हती! बटण बंद-चालू करायचं, थोडी खुडबुड करायची, बस्स. सहाही वेळा जुनीच. आता हे ऐटीत कसं सांगायचं, याची तो मनात जुळवाजुळव करत होता.

गाणं थांबलं आणि स्वयंपाकघरातून बारीक पीप-पीप ऐकू आली.

"आई, फ्रीज उघडा राहिलाय वाटतं," जावई ओरडला.

"इथून कसं कळलं तुम्हाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"वाजतोय ना तो."

"कुठे?"

जावई कपाटामागून बाहेर आला. सासरे उठून फ्रीजपाशी गेले, वाकून त्यांनी कान लावला. सासूबाई दार लोटायला आल्या तर त्यांचा हात धरला.

"हा कधीपासून वाजतो?"

"आणला तेव्हापासून. दोन वर्षं झाली. तुम्ही दार उघडं टाकता, तो बोंबलतो, तुम्ही ढिम्म हलत नाही. उगाच चिडते का मी?"

सासरे परत खुर्चीत येऊन बसले. परीक्षेचा निकाल त्यांनी विचारला नाही, जावयानेही सांगितला नाही. मघाशी हसलो याची त्याला लाज वाटली.

"ते गाणं पुन्हा लावा," सासरे म्हणाले. "कडवं संपतं तिथे एक बारीक घंटी आहे. मला वाटायचं, केबल ती खाते."

"आहे बाबा. वाजते."

"आली की सांगा."

जावई खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. कडवं संपलं तसं त्याने सासऱ्यांच्या हातावर बोट हलकेच टेकवलं.

"हो," डोळे मिटूनच सासरे म्हणाले. "इथेच होती ती."