गोदामामागची माती

"हात काढ, रामकिसनभाऊ. तुले नाई समजत," असं म्हणून देवमनने माझा पंजा बाजूला सारला आणि आपला जमिनीवर टेकवला. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे त्याने डोळे मिटले. "कोमट हाये. अजून आठ दिस थांबा लागते."

जऊळक्याच्या विश्रामबंगल्यावर मी खानसामा होतो आणि तो माळी. दोघंही रोजंदारीवर. दुष्काळानंतरच्या वर्षातला आश्विन होता आणि डिसेंबरात मोठे साहेब तपासणीला येणार होते. बंगल्यापुढची हरळी थंडीत पिवळी पडायची, म्हणून तिच्यातच थंडीच्या विलायती गवताचं बी पेरायचं ठरलं होतं. हिरवळ जमली तर देवमन कायम होणार होता. सात वर्षं तो त्या एका शब्दावर जगत होता.

बंगल्याचा कारभार बघणारे धाकटे साहेब मला रोज पेरणीचं विचारायचे, म्हणून मला घाई.

"टाकून दे ना बी," मी म्हटलं.

"आता टाकलं तं हरळी त्याले गिळते. ती जागीच हाये अजून. रातच्याले गारवा सुटू दे. ती पेंगली का मंग टाकू."

त्याच्या बापाची पाठ शेतातली हरळी खणता खणता वाकली, आणि पोरगा तिलाच पाणी घालून पोट भरत होता. यावरून मी त्याला चिडवायचो. तो हसायचा. हे सगळं शिकला कुठे म्हणाल तर कुठेच नाही, त्याच्या तळहाताला कळायचं.

दिवाळीनंतर पहाटे दव दिसू लागलं तसा तो भिडला. हरळी विळ्याने बुडाशी कापली, खराट्याने वाळकं ओढून काढलं, दाताळ्याने जमीन ओरखडली. बी बारीक, म्हणून वाळूत कालवून एकदा उभं आणि एकदा आडवं फेकलं. वर पसरायला चाळलेलं खत हवं होतं. दुष्काळात गुरंच उरली नव्हती, तिथे शेणखत कुठलं?

"गोदामामागं पाह्य," मी म्हणालो. "काळी, मऊ माती पडून हाये."

दुष्काळात सरकारी गोदामात बाहेरदेशाची ज्वारी आली होती. तिचा झाडलेला कचरा गोदामामागे पावसाळाभर कुजला होता. देवमनने त्यातली मूठभर माती हुंगली.

"वास तं चांगला हाये. पन यात काय काय आलं असन, कोनाले ठाऊक."

"माती ते माती," मी म्हणालो. हे शब्द माझे होते, दुसऱ्या कुणाचे नव्हते.

देवमनने ती माती चाळून वर पसरली आणि हिरवळ अशी आली की मोठे साहेब बूट काढून तिच्यावरून चालले. माघात देवमनच्या हातात कायम झाल्याचा कागद पडला. त्याच्या बायकोने, सोजरबाईने, मला घरी बोलावून पोटभर जेवू घातलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी हिरवळीच्या कडेला एक अनोळखी रोप दिसलं. पान गाजरासारखं, फूल पांढरं, कणीएवढं. सोजरबाईची शेळी ते हुंगून मागे सरकली.

"शेळी तोंड लावत नाई त्याले," ती म्हणाली. "मले हे बरं दिसत नाई. उपटून फेका."

देवमनने उपटलं. आठ दिवसांत तिथे दहा उगवली. पावसाळ्यात ती कुंपणापलीकडे गेली, मग नाल्याकाठाने पुढे, मग देवमनच्या भावाच्या, पुंजाजीच्या शेताच्या बांधावर. देवमन रोज उकिडवा बसून हाताने उपटायचा. दुसऱ्या वर्षी त्याच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. मग मनगटापर्यंत कातडी सालीसारखी जाड झाली आणि भेगांतून पाणी येऊ लागलं. दवाखान्यातलं मलम लावून तो पुन्हा उपटायला बसायचा.

एकदा धाकट्या साहेबांनी आम्हा दोघांना उभं केलं. हे रान बंगल्यात आणलं कुणी, असं त्यांनी विचारलं.

"मीच आनलं साहेब, खतासंग," देवमन म्हणाला.

बाहेर आल्यावर मी बोलायला गेलो, तर त्याने चिंध्या गुंडाळलेला हात वर केला. "राहू दे. तू कायम नाई अजून."

मला लाज वाटली. आणि सुटल्यासारखंही वाटलं, त्याची जास्त लाज वाटली.

तिसऱ्या आश्विनात त्याने मला पहाटे हाक मारली. हात कोपरापर्यंत सोजरबाईच्या जुन्या लुगड्यात बांधलेले होते. कुंपणापलीकडे पार स्टेशनापर्यंत पांढरं पांढरं दिसत होतं.

"हात ठेव, रामकिसनभाऊ."

मी जमिनीवर पंजा टेकवला.

"काय म्हनते?"

"गार हाये वाटते."

"वाटते नाई. नीट पाह्य."

मी त्याच्यासारखे डोळे मिटले. बराच वेळ काहीच कळेना. मग खालून थोडी ऊब आल्यासारखी वाटली.

"कोमट हाये," मी म्हणालो.

"मंग थांबू आठ दिस," तो म्हणाला आणि झारी बगलेत धरून निघाला.

मी हात उचलला. बोटांच्या बेचक्यात खाजत होतं. मी तो धोतराला पुसला, पुन्हा पुसला, आणि देवमनने वळून पाहिलं तेव्हा पाठीमागे धरला.