वरची वाळू, खालची वाळू

चर्चच्या अंगणात मेणबत्त्यांची पत्र्याची पेटी आहे, काजळीनं काळीठिक्कर, दोन खणांची. वरच्या वाळूत जिवंतांसाठी मेणबत्ती रोवायची, खालच्या वाळूत मेलेल्यांसाठी. रोमानियातल्या त्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जिवंत माणसाची मेणबत्ती खाली लावणं म्हणजे त्याचं मरण मागणं.

वर

बालगृहात आल्यापासून कासियाना आईसाठी वरच लावत आली. आई इटलीत, परक्या म्हाताऱ्यांची अंथरुणं धूत होती. आधी दर रविवारी फोन यायचा. मग सणासुदीला. मग रविवारी फोनपाशी बसायला बालगृह सांभाळणाऱ्या वेतुरियाबाईंनीच मनाई केली.

धाकटा भाऊ युस्तिन बालगृहात आला तेव्हा नुकता चालायला लागला होता. आता सहाचा आहे. आईचा चेहरा त्याला आठवत नाही. कासियाना जो सांगते, तो आठवतो.

खाली

बटाटे सोलताना वेतुरियाबाई म्हणाल्या, "मोठी आहेस म्हणून तुला सांगते. तुमच्या आईनं तिकडे दुसरा संसार थाटलाय. मुलांवर हक्क नको, असं वकिलासमोर सांगून मोकळी झाली."

कासियाना सोललेलाच बटाटा पुन्हा सोलत राहिली.

"युस्तिनला काय सांगू?"

"ते तू बघ बाई. त्याला तुझंच खरं वाटतं."

बालगृहात आईबाप मेलेल्यांचा रुबाब असतो. दोरेलचे दोघंही गेलेले, म्हणून तो सगळ्यांचा दादा. ज्यांचे आईबाप जिवंत, त्यांना तो 'इटलीवाले' म्हणतो. "आमच्यांना यायला जमत नाही," तो म्हणतो. "तुमच्यांना काय झालंय?"

मृतात्म्यांच्या शनिवारी सकाळी, युस्तिनच्या बुटांचे बंद बांधता बांधता कासियानानं सांगून टाकलं. खाली मान घालूनच.

"आई वारली."

तो रडला नाही. म्हणाला, "म्हणजे तिला यायला जमत नाही."

"नाही जमत."

"दोरेलला सांगू?"

मध्ये

त्या शनिवारी बायका आपल्या गेलेल्यांच्या नावानं शिजवलेला गोड गहू वाटतात. आधी बालगृहाच्या पोरांना, कारण अनाथाच्या तोंडची प्रार्थना लवकर पोचते म्हणे. पोरं 'देव त्यांना क्षमा करो' म्हणतात आणि पेला पुढे करतात. दोरेलचा तिसरा पेला चालला होता.

युस्तिननं पहिल्यांदाच स्वतःची मेणबत्ती घेतली होती. गुडघे टेकून त्यानं ती खालच्या वाळूत रोवली, नीट, सरळ. शेजारच्या म्हातारीनं गव्हाचं पातेलं खाली ठेवलं.

"कुणासाठी रे, राजा?"

"आईसाठी."

"अगं बाई. नाव काय तिचं? आत जाऊन पाद्रीबाबांना सांगते. माझ्या माणसांबरोबर तिचंही नाव वाचतील."

युस्तिननं ताईकडे पाहिलं. नाव त्याला माहीत होतं, पण ते नेहमी ताईच सांगायची.

कासियानाचं तोंड उघडलं. आत घंटा वाजली. आता ते नाव मेलेल्यांच्या नावांत जाणार, भर चर्चमध्ये, सगळ्या गावासमोर. आणि आई, कुठेतरी कुणाच्या तरी पोराला जेवू घालत असलेली, तशीच जेवू घालत राहणार.

"थांबा, आजी."

तिनं वाकून मेणबत्ती उपटली. मेण बोटांवर ओघळलं. वरच्या खणात तिनं ती खुपसली, वाकडी.

म्हातारीनं छातीवर क्रूस काढला. "जिवंत बाईची खाली लावलीत होय गं? कसली पोरं ही." पातेलं उचलून ती निघून गेली.

युस्तिन अजून गुडघ्यांवरच होता.

"आई आहे?"

"आहे."

"मग?"

दोरेल चमचा तोंडात धरून ऐकत होता. कासियानाला वाटलं, हा आता हसणार.

"यायचं नाही म्हणाली," ती म्हणाली. "आपल्याकडे."

दोरेल हसला नाही. त्यानं उरलेला गहू युस्तिनपुढे धरला. युस्तिननं घेतला नाही.

"मला दिसत नाहीये," तो म्हणाला. वरचा खण त्याच्या डोक्याच्या वर होता. "उचल मला."

तो आता जड झाला होता. तिनं काखेत हात घालून त्याला उचललं. ज्योत त्याच्या तोंडासमोर आली. हा फुंकणार, असं तिला वाटलं, आणि तिनं त्याला मागे घेतलं नाही.

त्यानं हात पुढे करून वाकडी मेणबत्ती सरळ केली.

"आता खाली ठेव मला," तो म्हणाला.