पुढची सीट

दादाने गाडीचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"वास येतोय," तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर मी सोडून दिलं असतं. पण कुठे थांबायचं हे माझ्या भावाला जन्मात कळलेलं नाही. "म्हाताऱ्या माणसाला घेऊन फिरायचं तर सीटवर प्लास्टिक तरी घालायचं गं. काय दशा केलीयस गाडीची."

म्हातारा माणूस दोन पावलांवर काठी टेकून उभा होता. बाबांना कमी ऐकू येतं असा दादाचा समज आहे. बाबांना सगळं नीट ऐकू येतं, फक्त दादाच्या बोलण्याला ते उत्तर देत नाहीत.

त्या दिवशी मात्र दिलं. चहा पिताना म्हणाले, "गाडी तू घेऊन जा. तुझ्या मुलीला कॉलेजला जायला होईल. मला आता कुठे जायचंय?"

दादाने 'नको नको' म्हणायलाही वेळ घालवला नाही. पुढच्या वेळी येताना कागद घेऊन येतो, बाबांनी फक्त सही करायची, असं ठरवून तो आणि वहिनी आपल्या गावी परत गेले. गाडी बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे माझं मत विचारायचा प्रश्नच नव्हता. गेली चार वर्षं चालवते मी, पण ते असो.

दर गुरुवारी बाबांना पायाच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं असतं. त्या आठवड्यात ते म्हणाले, अंग दुखतंय. पुढच्या आठवड्यात म्हणाले, झोप झाली नाही. टॅक्सी बोलावते म्हटलं तर त्यालाही नाही. तिसऱ्या आठवड्यात ते न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जायला लागले, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. कारण मला माहीत होतं त्यांना काय झालंय. पुढच्या सीटवर ताटलीएवढा एक पिवळट डाग होता, त्याचं झालं होतं.

गेल्या वर्षी आम्ही दवाखान्यातून परत येत होतो. पुलावर एक ट्रक आडवा झाला आणि पुढे-मागे गाड्यांची रांग लागली. दोन तास आम्ही जागचे हललो नाही. बाबांनी फार धीर धरला, मग नाही धरवला. मी समोरच्या गाडीचा नंबर वाचत बसले. घरी आल्यावर शेजारणीला, दादाला, सगळ्यांना सांगितलं की माझ्या हातून चहाचा थर्मास सांडला. बाबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले, "पुढच्या वेळी चहा जपून धर." त्यावर आम्ही दोघं हसलो आणि विषय मिटला. तो दादाने नाकाने उकरून काढला.

शनिवारी दादा येणार होता. गाडी गेली की बाबा घरातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत कायमचे बसणार, हे मला लख्ख दिसत होतं.

कोपऱ्यावरच्या गाडी धुणाऱ्याला दाखवली. त्याने काचेतूनच पाहिलं. "ताई, क्रीम रंग एकदा गेला की गेला. काळी कव्हरं घाला आणि विसरून जा." फुकटचे सल्ले द्यायला लोकांना दम लागत नाही. मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बावीस वर्षं मुलांनी सांडलेली अ‍ॅसिडं आणि शाया पुसतेय. मला कव्हर घालायला सांगतो.

शुक्रवारी रजा टाकली. पायपुसण्या काढल्या, सीटा मागेपुढे सरकवून सगळा कचरा व्हॅक्यूमने ओढून घेतला. सीटेखालच्या पट्टीत तीन गुलाबी गोळ्या सापडल्या. बाबा दवाखान्यात शिरायच्या आधी रक्तदाबाची गोळी माझ्यासमोर घ्यायचे. घ्यायचे म्हणे. गोळ्या खिशात टाकल्या, त्याचा हिशोब नंतर.

आधी कोमट पाण्यात चमचाभर सौम्य साबण घालून सीटेच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून पाहिला. रंग उतरला नाही. मग नुसता फेस घेऊन मऊ ब्रशने वीतभर जागा घासली, ओल्या फडक्याने टिपली, कोरड्याने पुसली. ती वीतभर जागा एवढी उजळली की बाकीची गाडी बघवेना. म्हणजे आता सगळीच करणं आलं.

आणि घासता घासता माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. दशा केली म्हणे. डोकं टेकायच्या जागी तेलाचा काळा गोल, तो बाबांच्या केसांचा. दारावर आतून ओरखडे, ते काठीचे. स्टिअरिंग काळं झालेलं, ते माझ्या हातांनी, पावसापाण्यात दवाखाना, रक्ततपासणी, चष्मेवाला, परत दवाखाना. सीटचा पट्टा पूर्ण ओढून, परत आत जाऊ नये म्हणून चिमटा लावला आणि घासला, तर बाबांच्या छातीवर येतो तेवढाच भाग करडा. दादाचा म्हणून एकच डाग निघाला. छताला सिगारेटने पाडलेलं भोक, गाडी नवी असतानाचं. त्याबद्दल आजवर कुणी एक शब्द काढलेला नाही. छताचं कापड जास्त भिजलं तर डिंक सुटून लोंबतं, म्हणून तिथे फडकं नुसतं दमट करून फिरवलं. भोक तसंच राहिलं. ते धुऊन जायचं नव्हतं.

पुढची सीट शेवटी घेतली. व्हिनेगर पाण्यात पातळ करून टिपलं, वर खायचा सोडा पसरून दुपारभर तसाच ठेवला, मग ओढून घेतला. एकदा, दोनदा. संध्याकाळी डाग गेला. मी गुडघ्यांवर बसून सीटेला नाक लावून वास घेतला. कापडाचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही. बाहेर चार बादल्या मळकं पाणी, आणि माझ्या कमरेचे बारा वाजलेले.

रात्रभर गाडीची दारं उघडी ठेवता येईनात म्हणून काचा थोड्या खाली ठेवल्या. सकाळी बाबांना म्हटलं, "चला, एक चक्कर मारू. दवाखान्यातली व्यायाम घेणारी ताई शनिवारीही असते." त्यांनी उठून सदरा बदलला. मला वाटलं, जिंकले.

खाली आल्यावर त्यांनी दार उघडलं आणि बघतच राहिले. आतली सीट नवी असताना होती तशी होती. बाबांनी बगलेतून एक घडी केलेलं वर्तमानपत्र काढलं आणि ते सीटवर पसरायला लागले. कागद सारखा घसरत होता.

"आता तर जास्तच भीती वाटते गं," ते म्हणाले. "तू एवढी मेहनत केलीस."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. दादाने जे तोंडाने केलं तेच मी ब्रशने केलं होतं. त्यांची गाडी मी त्यांना परकी करून ठेवली.

तेवढ्यात दादा आलाच. हातात कागदांची पिशवी. गाडीभोवती फिरला, आत वाकला. "वा. आता कशी गाडी वाटते. बाबा, तुम्ही मागे बसा, पुढे नको. आणि तू गं, चहा सांडल्यावर वर्ष वर्ष तसाच ठेवतं का कुणी? थोडी लाज?"

माझा ताबा सुटला. पण मी दादाकडे वळले नाही, बाबांकडे वळले. "बाबा, तो डाग निघाला. काल दुपारी निघाला. परत पडला तर परत काढीन. मला आता येतं ते. एक दिवस लागतो, त्याहून जास्त काही लागत नाही. कळलं का तुम्हाला?"

ओरडलेच मी. समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग सीटकडे, आणि मग बऱ्याच दिवसांनी दादाकडे सरळ पाहिलं.

"चहा नव्हता तो," ते म्हणाले. "हिने काही सांडलं नव्हतं. मी केलं होतं, पुलावर. दोन तास अडकलो होतो."

दादाचा चेहरा उतरला. "बाबा, मला काय माहीत..."

"नव्हतं तुला माहीत. असणार कसं? त्या गाडीत आम्ही दोघं होतो." बाबांनी पसरलेलं वर्तमानपत्र गोळा केलं, नीट घडी घातली आणि दादाच्या हातात दिलं. "सही होणार नाही. मला गाडी लागते. तुला यायचं असेल तर ये आमच्याबरोबर. वाटलं तर हे खाली घालून बस."

मग ते काठी आत टाकून पुढच्या सीटवर बसले, अगदी मागे रेलून, आणि त्यांनी पट्टा लावला.