उपाय असेल तरच या

दुपारी अडीचला, मी ऑफिसात असताना, घरकामाला येणाऱ्या पार्वतीचा फोन आला. आमच्या सोसायटीच्या गेटवर ती रोज माझ्या मुलीला, क्रांतीला, शाळेच्या बसमधून उतरवून घेते.

"दीदी, गाडी आई नहीं अब तक."

मी स्क्रीनवर पाहिलं. सतरा नंबरची बस, आमच्याच गेटसमोर, हिरवा ठिपका. 'पोहोचली.'

"सामने ही तो खड़ी है, ठीक से देखो!"

"यहाँ तो सब्जीवाला खड़ा है, दीदी."

शाळेची बस कुठे आहे हे आईबापांना मोबाइलवर दाखवणारं ते ॲप आमचंच. गुरुग्राममधल्या चाळीस शाळा, नऊ जणांची टीम आणि टीमची प्रमुख मी. ड्रायव्हरला फोन लावला. बंद. क्रांती चार वर्षांची आहे.

"सतरा नंबर कुठे आहे?" मी उभी राहून टीमला विचारलं.

कोणी मान वर केली नाही. कोणाला आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही.

"कादंबरी?" ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटीच.

"ताई, सोमवारपासून असं होतंय. बसचा सिग्नल गेला की ॲप कालच्या वेळेप्रमाणे नकाशावर गाडी पुढे सरकवतं."

"आज गुरुवार आहे!"

"तुम्हीच म्हणता ना, नुसती अडचण आणू नका, उपाय असेल तरच या. उपाय सापडत नव्हता."

"पिछले महीने मैं लाया था, सिर्फ प्रॉब्लेम," केतन पुटपुटला. "मॅमने ग्रुप पे ताली बजाई थी."

वाजवली होती. ऑफिसच्या ग्रुपवर टोमणा म्हणून टाळ्यांची पाच चित्रं टाकली होती, सगळ्यांसमोर.

ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात केतनचा हात लॅपटॉप मिटायला निघालेला दिसला. ओरडले तर सगळे असेच मिटतील. आणि मला तर यांना जे जे माहीत आहे ते आत्ता, या मिनिटाला हवं होतं.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "उपाय राहू दे. अर्धवट असेल तरी सांगा."

कादंबरीने ड्रॉवरमधून एक कागद काढला. बसमध्ये मुलांबरोबर असणाऱ्या बायकांचे नंबर. सोमवारपासून ती माझ्यापासून लपून, पँट्रीत उभी राहून एकेकीला फोन करत होती. तिने सतरा नंबरच्या बसमधल्या बाईला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"टायर पंक्चर है, मॅडम, पुल के नीचे. बच्चे ठीक हैं, चिप्स खा रहे हैं."

मागून खिडकीसाठी भांडणारा क्रांतीचा आवाज आला. मी खाली बसले.

"बाकीच्या बस?"

"आज अजून अकरा, ताई."

म्हणजे आणखी किती गेटांवर पार्वतीसारख्या बाया उभ्या असतील, आणि घराघरांत, ऑफिसांत आईबाप हिरव्या ठिपक्यावर विश्वास ठेवून बसले असतील. मी ॲपमधला नकाशा बंद करायला सांगितला. सगळ्या शाळांना माझ्या नावाने कळवलं की तो चुकीचा आहे, थेट बसमधल्या बाईंना फोन करा. लगेच वरच्या साहेबांचा फोन वाजायला लागला. मी तो तसाच वाजू दिला.

"मला न सांगितलेलं अजून काय आहे?"

 मग केतनने हात वर केला. त्याच्या मागच्या रांगेत आणखी दोन हात वर आले.