बाईसाहेबांचं टक्कल

केसांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. तीस वर्षं पार्लर चालवलं, टाळू दिसायला लागलेल्या कितीतरी बायकांची डोकी पुन्हा भरून दाखवली. त्यामुळे लेकीच्या टॅरँटुलाच्या पाठीवर बोटाच्या पेराएवढं टक्कल दिसलं, तेव्हा मी म्हटलं, बाईसाहेब, काळजी नको, मी आहे.

बाईसाहेब हे लेकीनं ठेवलेलं नाव. शाळेत असताना तिनं हा तळहाताएवढा केसाळ कोळी आणला, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. पुढची एकवीस वर्षं त्या काचेच्या पेटीकडे ढुंकून बघितलं नाही. गेल्या वर्षी लेक गेली आणि तिच्या खोलीत जिवंत असं एवढंच उरलं. मग मीच पाणी बदलायला लागले, नाकतोडे टाकायला लागले. किळस कुठे गेली कोण जाणे.

टकलावर माझा उपाय ठरलेला. रोज सकाळी झाकण काढायचं आणि मऊ ब्रशनं हलकेच मालिश करायचं. तेल तेवढं लावलं नाही, नशीब! बाईसाहेब मागचे पाय भराभरा पाठीवर घासायच्या. मला वाटायचं, बरं वाटतंय त्यांना. माझ्या हातांना खाज सुटायची, तिचा ठपका मी माझ्या केसांच्या रंगावर ठेवला. टक्कल मात्र वाढतच गेलं.

शेवटी पेटी मांडीवर घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरणीकडे गेले.

"वय झालंय ना हिचं?" मी विचारलं.

"वय झालंय, पण केस वयामुळे नाही गेले. घाबरली की ही मागच्या पायांनी स्वतःचेच केस उडवते. समोरच्याला खाज सुटावी आणि त्यानं निघून जावं म्हणून. कोणी हात लावतं का हिला?"

मी ब्रशचं सांगितलं. तिनं पेटीचं झाकण हलकेच लावून टाकलं.

"केस पुन्हा येतील ना?" मी विचारलं.

"कात टाकली तर येतील. पण या वयात अवघड आहे, मावशी. आता तिला एकटं राहू द्या."

घरी येईपर्यंत तिचं ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात लेक मला म्हणाली होती, "आई, थोडा वेळ नको ना हात लावूस." मला वाटलं, दुखण्यात बोलतेय आपली. मी कपाळावरून हात फिरवतच राहिले. ती कूस बदलून भिंतीकडे वळली, तर मी खुर्ची उचलून खाटेच्या त्या बाजूला नेली.

पेटी जागेवर ठेवली. बाईसाहेब कोपऱ्यात पाय आवळून बसल्या होत्या. मी खोलीबाहेर आले, दार ओढून घेतलं आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. पोरीनं माझ्याकडे शेवटचं मागितलं ते एवढंच होतं, आणि मी ते दिलं नाही.